नोंदवही बदलताना : ऊस नोंदीची माहिती एका संगणक प्रणालीतून दुसरीत कशी न्यावी



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाणी, हुमणी अशा विषयांवर बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. कारखान्याकडील माहिती जुन्या संगणक प्रणालीतून नव्या प्रणालीत कशी नेतात, नेताना काय बिघडते आणि त्यात सभासदाचे काय काम, हे समजून घ्यायचे आहे. "हे काम संगणकवाल्यांचं, आम्हाला काय करायचंय?" असे काही जण म्हणतील. पण आपली लागण तारीख, क्षेत्र, जात, बँक खाते आणि कपाती ही सगळी माहिती त्यात असते. त्यावरच तोडणीचा कार्यक्रम लागतो आणि त्यावरच बिल निघते. म्हणून हा धडा आपल्याच कामाचा आहे.

माहिती कशात ठेवलेली असते?

पूर्वी लागण नोंद वहीत होत असे. पुढे संगणक आले आणि अनेक ठिकाणी डीबेस, फॉक्सप्रो अशा प्रणालींत माहिती भरली गेली. त्या फाइलींना डीबीएफ फाइल म्हणतात. फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ती २००४ साली निघाली आणि तयार करणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली तिचा आधार पूर्ण बंद केला. चालू आहे म्हणून चालवायचे, पण मोडले तर सुटा भाग मिळणार नाही, अशी ती अवस्था झाली. म्हणून ओरॅकल, मायएसक्यूएल अशा नव्या प्रणालींत माहिती न्यावी लागते.

एका प्रणालीची फाइल दुसरीला सरळ वाचता येतेच असे नाही. म्हणून मध्ये एक साधी फाइल करतात. तिला सीएसव्ही म्हणतात. तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याची नोंद एका ओळीत आणि दोन रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम, इतकाच मामला असतो. ही फाइल कोणतीही प्रणाली वाचते, हा तिचा गुण. पण कोणता रकाना तारखेचा, कोणता क्षेत्राचा, कोणता खाते क्रमांकाचा, हे ती सांगत नाही, हा तिचा दोष. आकडा पलीकडे जातो, पण त्याचा अर्थ अलीकडेच राहू शकतो. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे.

नेताना काय निसटते?

१) क्षेत्र. आपल्याकडे "एक एकर वीस गुंठे" हे १.२० असे लिहायची जुनी सवय आहे. माणसाला त्याचा अर्थ कळतो. संगणक मात्र त्याला दशांश समजतो. एक एकर वीस गुंठे म्हणजे ६० गुंठे, पण दशांशात १.२० एकर म्हणजे ४८ गुंठे. बारा गुंठे कागदावरून गेले. एकरी ४० टन धरले तर १२ टन ऊस नोंदीबाहेर राहिला. उलट नव्या प्रणालीने तोच आकडा हेक्टर-आर मानला, तर १ हेक्टर २० आर म्हणजे जवळजवळ तीन एकर झाले. शेत तेच, आकडा तोच, पण अर्थ तीन. बरोबर नोंद ६०.७ आर अशी व्हायला हवी, कारण एक गुंठा म्हणजे साधारण १.०१ आर.

२) लागण तारीख. आपण दिवस आधी आणि महिना नंतर लिहितो. अमेरिकी पद्धतीत महिना आधी येतो. ५ ऑगस्टची आडसाली लागण ०५/०८ अशी लिहिली आणि प्रणाली अमेरिकी पद्धतीवर लावलेली असली, तर ती ८ मे होते. ऊस कागदावर तीन महिने म्हातारा झाला! तोडणी कार्यक्रमात त्याचा नंबर लवकर लागणार, कोवळा ऊस तुटणार, वजन कमी आणि उताराही कमी. यातली खरी मेख अशी की सगळ्याच तारखा बिघडत नाहीत. १७ ऑगस्टची तारीख तशीच राहते, कारण सतरावा महिना नसतो. त्यामुळे वरवर चाळणाऱ्याला यादी ठीक दिसते. यावर उपाय म्हणजे मधल्या फाइलीत तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. डीबीएफ फाइल आतून तारीख याच क्रमाने आठ अंकांत ठेवते.

३) पुढची शून्ये आणि लांब क्रमांक. बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि फाइल मध्ये एकदा एक्सेलमध्ये उघडली, तर पुढची शून्ये गळून पडतात. एक्सेल त्याला संख्या समजते, आणि संख्येच्या आधीच्या शून्याला किंमत नाही. तसेच एक्सेल संख्येचे पंधराच अंक धरून ठेवते. खाते क्रमांक सोळा अंकी असला तर शेवटच्या अंकाचे शून्य होते. खाते क्रमांक, आधार क्रमांक, सभासद क्रमांक यांची कधी बेरीज-वजाबाकी करायची नसते. ते अक्षरे म्हणूनच ठेवावेत.

४) मराठी नावे. जुन्या मराठी फाँटमध्ये पडद्यावर "क" दिसत असला तरी आत बहुतेक वेळा एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असे. तो फाँट असेपर्यंत नाव नीट दिसते. नव्या प्रणालीत तो फाँट नसला की नावाच्या जागी भलतीच अक्षरे उभी राहतात. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. "क" चा क्रमांक २३२५. तो जगात कुठेही "क" च राहतो. म्हणून जुनी नावे आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात. बदलल्यावर जोडाक्षरे, रफार आणि वेलांट्या डोळ्यांनी वाचून घ्याव्या लागतात.

५) जातींची नावे. एकाने "को ८६०३२" लिहिले, दुसऱ्याने नुसते "८६०३२", तिसऱ्याने "निरा". आपल्याला ती एकच जात आहे हे ठाऊक आहे. संगणकाच्या लेखी त्या तीन जाती. "फुले २६५" आणि "कोएम ०२६५" चेही तेच. पक्वतेप्रमाणे तोडणी लावताना एकाच जातीचे तुकडे होतात. म्हणून प्रत्येक जातीला एकच सांकेतिक क्रमांक देऊन सगळ्या नोंदी त्याला जोडाव्यात.

६) रद्द झालेल्या नोंदी. डीबीएफ फाइलमध्ये नोंद काढून टाकली तरी ती लगेच पुसली जात नाही. तिच्यावर फक्त काढल्याची खूण होते. ती खूण न पाहता माहिती नेली, तर मोडलेले खोडवे आणि रद्द केलेल्या लागणी पुन्हा जिवंत होतात. शिवारात ऊस नाही, पण यादीत आहे. मग शिवारातल्या उभ्या उसाचा अंदाज चुकतो आणि तोडणी टोळ्यांचे नियोजनही चुकते. शिवाय जुन्या प्रणालीत शेरे वेगळ्या फाइलीत असतात. ती फाइल मागे राहिली, तर "सामाईक क्षेत्र" किंवा "वाटणी झाली" असे महत्त्वाचे शेरेही मागेच राहतात.

इतरत्र काय घडले?

या चुका फक्त आपल्याकडेच होतात असे समजू नये. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडच्या साथीत प्रयोगशाळांचे अहवाल सरकारी यंत्रणेत भरताना जुन्या प्रकारची एक्सेल फाइल वापरली गेली. त्या फाइलीत ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. परिणाम असा झाला की २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटले, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध उशिरा सुरू झाला. पोते भरले की वरचे धान्य सांडते, ते आपल्याला दिसते. इथे सांडलेले कोणाला दिसले नाही.

दुसरा दाखला तिथल्याच टीएसबी या बँकेचा. एप्रिल २०१८ मध्ये तिने सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीत नेली. माहिती नीट पोहोचली, पण नवी प्रणाली भाराखाली चालेना. अनेक ग्राहकांना आपले खाते उघडता येईना, आणि कारभार पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या नियामक संस्थांनी या बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. धडा असा की नुसती माहिती पोहोचून भागत नाही. नवा काटा गाड्यांची रांग लागण्याआधीच तपासून घ्यायचा असतो.

काम कोणत्या क्रमाने करावे?

बेणे लावण्यापूर्वी आपण किडकी टिपरी बाजूला काढतो, बेणेप्रक्रिया करतो आणि मगच सरीत टाकतो. माहितीचेही तसेच आहे. किडके बेणे नव्या रानात लावले म्हणून निरोगी उगवत नाही.

पहिली पायरी, जुन्या माहितीची पूर्ण प्रत काढून वेगळ्या जागी ठेवावी. तिला हात लावू नये.

दुसरी पायरी, जुना कोणता रकाना नव्या कोणत्या रकान्यात जाणार याचा तक्ता कागदावर करावा. प्रत्येक रकान्यापुढे एकक लिहावे. एकर-गुंठे की हेक्टर-आर, टन की क्विंटल, हे स्पष्ट हवे. हा तक्ता करताना शेतकी विभागाचा माणूस बसलाच पाहिजे. "१.२०" चा अर्थ संगणक अभियंत्याला कुठून कळणार?

तिसरी पायरी, माहिती साफ करावी. दुबार नोंदी, मोकळे रकाने, जातींची अनेक नावे निस्तरून घ्यावीत.

चौथी पायरी, आधी एका गटाची माहिती नेऊन पाहावी. ती जमली की मग सगळी न्यावी.

पाचवी पायरी, तपासणी. नोंदींची संख्या, एकूण क्षेत्र, एकूण येणी आणि कपाती दोन्हीकडे जुळल्या पाहिजेत. गाववार आणि जातवार बेरजाही घ्याव्यात.

सहावी पायरी, काही दिवस दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी चालवाव्यात आणि दोन्हींतून निघालेले बिल ताडून पाहावे. हे सगळे गाळप हंगामाआधी संपले पाहिजे. मोळी टाकल्यावर असले काम काढू नये.

बेरीज जुळली म्हणजे झाले का?

नाही. इथेच सभासदाची गरज लागते. समजा एका गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ आहेत. एकाची लागण आडसाली, दुसऱ्याची सुरू, क्षेत्र दोघांचे सारखेच. नेताना दोघांच्या तारखा आणि खाती अदलाबदल झाली, तर नोंदींची संख्या जुळते, क्षेत्राची बेरीज जुळते, रुपयांचीही जुळते. कागद सगळा बरोबर आणि दोन्ही घरांत चूक! ही चूक कोणत्याही बेरजेत सापडत नाही. ती ज्याची नोंद आहे त्यालाच दिसते.

सातबारा हस्तलिखितावरून संगणकावर आणताना २०१७ साली आपल्या राज्यात गावोगाव चावडी वाचन झाले, ते याच कारणाने. मालकासमोर वाचल्याशिवाय नोंद खरी ठरत नाही.

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास दरसाल १५ टक्के व्याज आहे. पण खाते क्रमांकच चुकला असेल तर वेळेवर सोडलेले पैसेही आपल्या हाती वेळेवर पडत नाहीत. पुढे हेलपाटे कोणाला, हे सांगायला नको.

सभासदांनी एवढे जरूर करावे

• नव्या प्रणालीतून छापलेली नोंद चिठ्ठी गट ऑफिसातून मागून घ्यावी आणि घरी बसून वाचावी. वाचता येत नसेल तर मुला-नातवंडांकडून वाचून घ्यावी.

• लागण तारीख, जात, लागण की खोडवा आणि जमिनीचा गट क्रमांक स्वतःच्या वहीशी ताडून पाहावा. तारखेतला महिना अक्षरांत लिहिला आहे का ते पाहावे.

• क्षेत्रापुढे एकक आहे का ते पाहावे. नुसता आकडा मान्य करू नये.

• बँक पासबुक शेजारी ठेवून खाते क्रमांकाचा एकेक अंक मिळवावा. आयएफएससी अकरा जागांचा असतो आणि त्यात पाचव्या जागी शून्य असते. तिथे इंग्रजी "ओ" पडला असल्यास कळवावे. २०१९ आणि २०२० साली काही बँकांचे विलीनीकरण झाले. देना बँक बँक ऑफ बडोदात गेली, सिंडिकेट बँक कॅनरात गेली. अशा शाखांचे जुने कोड आता चालत नाहीत.

• खातेदार मयत असल्यास वारस नोंदीची स्थिती विचारावी. जुन्या प्रणालीतला शेरा नव्यात आला आहे की नाही, हे त्यातूनच कळते.

• दुरुस्ती तोंडी सांगून येऊ नये. लेखी द्यावी आणि पोहोच घ्यावी.

• जुन्या काटा पावत्या आणि जुनी बिले नवी नोंद तपासून होईपर्यंत टाकू नयेत. संगणकाने नाही म्हटले तर तोच आपला पुरावा.

संगणक कितीही वेगवान असला तरी तो शिवारात येऊन ऊस बघत नाही. जे त्याला सांगितले, तेच तो खरे मानतो. आपल्या उसाची लागण कधी झाली, क्षेत्र किती, हे आपल्याइतके नक्की दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. तेव्हा चिठ्ठी हातात आली की खिशात घालून ठेवू नका. आधी वाचा, चूक असली तर लेखी कळवा, बरोबर असली तर सही करून परत करा. शेजारच्या सभासदालाही आठवण करा. कळावे.

— ऊस विकास अधिकारी