लाटेवरची फळी व तिची कड

तांब्यांतून पाणी फार हळू ओतूं लागलें, म्हणजे तें खालच्या भांड्यांत न पडतां तांब्याच्याच अंगावरून ओघळत जातें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं घरीं पाहिलेंच असेल. वाहतें पाणी गोल कांठास चिकटून वळतें. धारदार कांठावरून मात्र तें तुटून सुटतें. पाण्याच्या ह्या स्वभावाचा हवाई बेटांतील लोकांनीं कसा उपयोग केला, तें आज पाहूं.

हे लोक फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटांवरून किनाऱ्याकडे घसरत येतात. जुन्या काळीं सरदारांची ‘ओलो’ फळी लांब, जाड व दोन्ही अंगांनीं फुगीर असे. सामान्य लोकांची ‘अलाया’ आंखूड व पातळ असे. ओलो मंद लाटेस ती फुटण्यापूर्वींच गांठी. अलाया उभ्या लाटेंत कड रोवून तिरपी धांवे. अबनेर पाकी ह्या सरदाराच्या ओलो फळ्या होनोलुलूच्या बिशप संग्रहालयांत जपून ठेविल्या आहेत.

जाड कड सहज बुडत नाहीं. मंद लाटेवर हा गुणच होय, कारण तेथें तरणें महत्त्वाचें. उभ्या लाटेवर मात्र हाच दोष ठरतो. लाटेकडील कड पाण्यांत रुतली तरच स्वार टिकतो.

१९३७ सालीं ओआहू बेटावर जॉन केली, फ्रॅन हीथ व वॉली फ्रॉइसेथ ह्या तरुणांस हा दोष फार नडला. त्यांच्या रेडवूडच्या फळ्या वायकीकीच्या सौम्य लाटांवर उत्तम चालत. पण त्यांचें शेपूट रुंद व सपाट होतें. मोठ्या उभ्या लाटेवर तें रुतेना, फळी बाजूस घसरे, आणि स्वार लाटेखालीं सांपडे. शेवटीं केली ह्यानें कुऱ्हाड घेऊन एका फळीचें शेपूट अरुंद केलें. चांगल्या लांकडावर असा घाव घालण्यास छाती लागते! तळही मागें गोलसर, होडीसारखा झाला. पाणी त्यास चिकटून वाहूं लागलें व फळी लाटेंत टिकूं लागली. (चमचा दांड्यानें सैल धरून त्याची पाठ नळाच्या धारेस लावा, तो धारेकडे ओढला जाईल. कारण तेंच.) टॉम ब्लेक ह्यानें १९३५ सालींच फळीखालीं सुकाणूसारखें पातें बसविलें होतें, तें न लावतां ह्या तरुणांनीं केवळ आकारानें काम साधलें, ह्याचें आम्हांस अधिक कौतुक वाटतें.

मग सर्व कड गोलच कां ठेवूं नये? कारण जें पाणी धरून ठेवतें, तेंच वेगही अडवितें. म्हणून आजच्या फोमच्या फळ्यांची कड बहुधा मध्यें गोलसर व शेपटाजवळ तीक्ष्ण असते. तेथें पाणी तुटून सुटतें व फळी मोकळी धांवते. मंद लाटांकरितां फळी रुंद व कड भरदार, उभ्या पोकळ लाटांकरितां फळी अरुंद व कड पातळ, अशी सामान्य रीत आहे. परंतु हलक्या अंगाच्या मुलाच्यानें जाड कड दाबली जात नाहीं, आणि वजनदार माणसाची पातळ कड नको तेव्हां रुतून तो तोंडघशीं पडतो. म्हणून जाणता कारागीर फळीस हात लावण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारतो: लाट कोणती, आणि आपलें वजन किती?