मदतीच्या यादीत व्हायोलिनला जागा आहे का?

धर्मग्रामात मदतीचा विषय निघाला की आपली यादी ठरलेली असते. धान्य, औषधे, शाळेची फी, जूनमध्ये वह्या-दप्तरे, पावसाळ्याच्या तोंडावर छपरासाठी ताडपत्री. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद घरी जाऊन पाहणी करतात, गरज खरी आहे याची खात्री करतात आणि मगच पैसे देतात. हे योग्यच आहे. पण समजा, शहरातल्या एखाद्या दाट वस्तीतील मुलांसाठी चित्रकलेचा, नाटकाचा किंवा वाद्यवादनाचा वर्ग चालवायचा आहे, त्यासाठी मदत द्यावी, असा अर्ज आला तर? बहुतेक ठिकाणी तो गठ्ठ्याच्या तळाशी जातो. ‘आधी पोट, मग पेटी’ असे कोणीतरी म्हणते आणि बाकीचे माना डोलावतात.

आजच्या अभ्यासलेखात आम्ही त्या तळाशी गेलेल्या अर्जाची बाजू मांडणार आहोत. मात्र असा पैसा कोणी द्यावा, कसा द्यावा आणि तो कुठे वाया जातो हेही पाहणार आहोत, कारण चांगल्या हेतूने दिलेला पैसा नीट खर्च होतोच असे नाही.

सुरुवात घराजवळून करू. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चना जोडून शाळा असत. तिथे मुलांना अक्षरओळखीबरोबर गायन, व्हायोलिन आणि पाश्चात्य स्वरलिपी शिकवली जाई. शिकवणाऱ्याला मेस्त्री म्हणत. हेतू साधा होता, चर्चमध्ये मिस्सासाठी गाणारे-वाजवणारे तयार व्हावेत. पण याच शिक्षणाच्या शिदोरीवर गोवेकर तरुण मुंबईला आले, हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवू लागले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. संगीतकार चाल गुणगुणत असे, ती कागदावर उतरवून पन्नास वादकांना वाटून देणारा बहुधा गोव्याचा असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस किंवा सेबॅस्टियन डिसोझा ही नावे जुन्या श्रोत्यांना आठवत असतील. मेस्त्रीला दिलेल्या तुटपुंज्या मानधनातून पुढे किती घरांच्या चुली पेटल्या, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. ‘आधी पोट’ म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून पाहावा.

गावात चर्च होते, अंगण होते, मेस्त्री होता. शहराच्या पोटातल्या वस्तीत यातले काहीच हाताशी नसते. आईवडील कामावर, शाळा दुपारी सुटलेली आणि मूल गल्लीत. तिथे वर्ग उभा करायचा तर जागेचे भाडे, शिक्षकाचे मानधन आणि वाद्ये, सगळ्यालाच पैसा लागतो. तो कुठून आणायचा याचा विचार अमेरिकेतील एका शहराने शंभर वर्षांपूर्वी फार बारकाईने केला. त्या शहराचे नाव क्लीव्हलँड. ईरी सरोवराच्या काठावरचे हे बंदर तेव्हा पोलादाच्या कारखान्यांनी गजबजलेले होते आणि पूर्व व दक्षिण युरोपातून आलेल्या मजुरांनी भरलेले होते. १९१२ ते १९१५ या अवघ्या चार वर्षांत तिथे तीन गोष्टी घडल्या.

पहिली गोष्ट अल्मीडा अॅडम्स या अंध संगीतशिक्षिकेची. तान्हेपणीच तिची दृष्टी गेली होती. एका महिला मासिकाचे वर्गणीदार गोळा करून तिने आपल्या संगीतशिक्षणाची फी उभी केली होती, म्हणजे पैशासाठी दारोदार जाणे तिला नवे नव्हते. न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्तीत एमिली वॅगनर नावाच्या तरुणीने १८९४ मध्ये गरीब मुलांसाठी संगीतवर्ग सुरू केला होता. त्या कामाविषयीचा लेख वडिलांनी अल्मीडाला वाचून दाखवला आणि आपल्या शहरात हे का नसावे, असे तिला वाटले. शहरातील संगीतप्रेमी महिलांच्या एका मंडळाने तिला १,००० डॉलर दिले. तेवढ्यावर १९१२ मध्ये ‘क्लीव्हलँड म्युझिक स्कूल सेटलमेंट’ सुरू झाली. ‘सेटलमेंट’ म्हणजे शिकलेल्या मंडळींनी गरीब वस्तीतच बिऱ्हाड करून चालवलेले शेजारकेंद्र. अशाच एका केंद्राच्या इमारतीत हे वर्ग भरू लागले.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. या शाळेत फी होती, अगदी थोडी, पण होती. आम्हाला हे शहाणपणाचे वाटते. चार आणे देऊन शिकणाऱ्या मुलाची आई शिक्षकाला जाब विचारू शकते. फुकटच्या वर्गात ती बहुधा गप्प बसते.

दुसरी गोष्ट फ्रेडरिक गॉफ या बँकरची. श्रीमंत माणसे मृत्युपत्रात दानधर्मासाठी रकमा ठेवत आणि त्या कशासाठी खर्चायच्या हे कायमचे लिहून जात. काळ बदले, गरज संपे, पण अट तशीच राही. सेंट लुईस शहराचे एक महापौर ब्रायन मुलनफी १८५१ मध्ये वारले. पश्चिमेकडे वस्ती करायला निघालेल्या, वाटेत सेंट लुईसला आलेल्या गरीब प्रवाशांना मदत व्हावी म्हणून त्यांनी आपल्या मिळकतीचा तिसरा हिस्सा ठेवला होता. हेतू किती चांगला! पण पुढे रेल्वे आली, बैलगाड्यांचे तांडे थांबले आणि पैसा मात्र त्या न येणाऱ्या वाटसरूंची वाट पाहत राहिला. इंग्रजी कायद्यात अशा पैशाला ‘मृताचा हात’ म्हणतात. देणारा गेला तरी त्याची मूठ सुटत नाही.

गॉफने २ जानेवारी १९१४ रोजी त्यावर तोडगा काढला. अनेकांच्या लहानमोठ्या देणग्या एकत्र करून शहराचा एक कायमचा निधी करायचा, मुद्दल बँकेने सांभाळायचे आणि उत्पन्न कुठे द्यायचे हे दरवर्षीची गरज पाहून एका समितीने ठरवायचे. समितीत पाच जण. दोन बँकेचे, उरलेले तिघे महापौर आणि दोन न्यायाधीशांनी नेमलेले. हाच ‘क्लीव्हलँड फाउंडेशन’, जगातील पहिला सामुदायिक निधी. पुढच्याच वर्षी बॉस्टन व शिकागोने तो कित्ता गिरवला. आज अमेरिकेत असे शेकडो निधी आहेत आणि दाट वस्त्यांतील मुलांच्या कलावर्गांना मिळणारी बरीच अनुदाने त्यांतून येतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला आवडली. सुरुवातीला निधीत वाटण्याजोगा पैसा फारसा नव्हता, म्हणून समितीने आधी पाहणी करून घेतली. शाळा कशा आहेत, मुले मोकळ्या वेळात काय करतात याचे अहवाल छापले. जून १९१३ मध्ये त्या शहरात एका दिवशी हजारो मुलांची रस्त्यावर, अंगणात, मैदानावर नोंद घेतली गेली होती. त्यांतली पुष्कळ मुले खेळत नव्हती, काम करत नव्हती, नुसती उभी होती. हा आकडा अहवालात आला आणि शहर चपापले. आपल्याकडे अशी मोजणी कोणी केली तर काय दिसेल?

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जवळची वाटते. १९१५ मध्ये रसेल आणि रोवेना जेलिफ हे ओबर्लिन कॉलेजात शिकलेले तरुण गोरे जोडपे क्लीव्हलँडच्या एका गरीब वस्तीत राहायला आले. त्यांना एका प्रेस्बिटेरियन चर्चने आधार दिला होता. त्यांनी घराचे दार शेजारच्या मुलांसाठी उघडे ठेवले. सुरुवातीच्या काळातच मुलांची नाटके बसू लागली आणि त्यांत काळी-गोरी मुले एकत्र उभी राहिली. त्या काळच्या अमेरिकेत ही लहान गोष्ट नव्हती. याच सुमारास दक्षिणेतील शेतमजुरी व जुलूम सोडून काळी कुटुंबे उत्तरेकडे येत होती. १९१० मध्ये क्लीव्हलँडमध्ये काळ्या लोकांची संख्या साडेआठ हजारांच्या आसपास होती, १९२० मध्ये ती चौतीस हजारांवर गेली. वस्ती बदलली, तसे केंद्रही बदलले.

या घरात सेंट्रल हायस्कूलचा एक विद्यार्थी येत असे. सावत्र वडील पोलादाच्या कारखान्यात कामाला होते. पुढे घरची माणसे दुसऱ्या शहरात गेली आणि हा मुलगा शाळेसाठी एकटाच खोली घेऊन राहिला. जेलिफ दांपत्याच्या घरी त्याला पुस्तके मिळाली, माणसे मिळाली. त्याचे नाव लँग्स्टन ह्यूज. पुढे तो अमेरिकेचा मोठा कवी झाला आणि १९३० च्या दशकात त्याची अनेक नाटके प्रथम याच केंद्राच्या नाट्यसंस्थेने रंगमंचावर आणली. प्रत्येक वर्गातून एक ह्यूज निघत नाही, हे उघड आहे. अनुदान मागणारे असे एक नाव पुढे करून बाकीच्या मुलांना विसरतात, याची आम्हाला थोडी चीड येते. तो कवी झाला नसता, पोलादाच्या कारखान्यातच गेला असता, तरी एकट्या मुलाला संध्याकाळी जायला एक घर होते, एवढ्यानेच तो खर्च सार्थकी लागला असता.

त्या केंद्राने १९२७ मध्ये आपल्या नाट्यगृहाला ‘करामू’ असे स्वाहिली नाव दिले. अर्थ, मेजवानी, आनंदाने एकत्र जमण्याची जागा. पुढे तेच नाव सगळ्या संस्थेला मिळाले. तिथल्या नटांनी नाटकाच्या उत्पन्नातून होतकरू चित्रकारांना चित्रशाळेची शिष्यवृत्ती दिली, म्हणजे मदत घेणारेच देणारे झाले. १९३९ मध्ये नाट्यगृह आगीत जळाले. नवी इमारत उभी राहायला दहा वर्षे लागली, तोवर नाटके मिळेल त्या जागेत होत राहिली. नुसत्या अनुदानावर उभे राहिलेले काम त्या आगीनंतर बंदच पडले असते, असे आम्हाला वाटते. इथे वस्तीच्या लोकांना ते काम आपले वाटत होते. करामू आजही चालू आहे, आणि अल्मीडाची संगीतशाळाही.

आता अडचणीची बाजू. नोव्हेंबर २००६ मध्ये क्लीव्हलँड ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या मतदारांनी ठरवले की सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर ३० सेंट कर घ्यायचा आणि तो पैसा कलासंस्थांना अनुदान म्हणून वाटायचा. २०१५ मध्ये त्यांनी तो चालू ठेवला. पण लोक सिगारेट कमी ओढू लागले, तसे उत्पन्न घटत निम्म्याच्या आसपास आले. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी कर वाढवून पाकिटामागे ७० सेंट केला. चांगली बातमी एका हिशोबात वाईट ठरली! शिवाय सिगारेटवर पैसे घालवणारा बहुधा गरीबच असतो, तेव्हा त्याच्या व्यसनातून त्याच्याच मुलाचा चित्रकलेचा वर्ग चालवायचा का, असा प्रश्न तिथेही विचारला गेला. आमच्या मते हा मार्ग डळमळीत आहे. पण दुसरे कोणी देत नसताना ज्यांनी तो निवडला, त्यांना नावे ठेवणेही सोपे नाही.

हे सगळे दूरदेशीचे वाटत असेल तर मुंबईच्या नागपाड्याकडे पाहावे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केले. वर सांगितलेल्या शेजारकेंद्रांचीच ही मुंबईतील बहीण. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था याच जागेत सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तेव्हा गिरणी-बंदराच्या या शहराला अशा कामाची ओळख नाही असे म्हणता येत नाही.

मग तळाशी गेलेला तो अर्ज वर आला तर काय पाहावे? आमच्या समजुतीप्रमाणे पहिला प्रश्न वर्ग आठवड्यातून किती दिवस आणि किती वर्षे चालणार, हा असावा. उन्हाळ्याच्या सुट्टीतले दहा दिवसांचे शिबिर फोटोपुरते छान असते, पण दहा दिवसांत व्हायोलिन धरायलाही नीट येत नाही. देणगीदाराला उद्घाटन आवडते. भाडे, विजेचे बिल, तुटलेल्या तारा आणि शिक्षकाचे मानधन देणे कोणाला आवडत नाही, आणि वर्ग बंद पडतात ते नेमके याच कारणांनी. दुसरे, शिकवणारा वस्तीतला किंवा वस्तीत रमणारा आहे का. तिसरे, ‘फक्त अमुक वाद्यासाठी’, ‘फक्त आमच्या नावाच्या फलकासह’ अशी मूठ आपणच आवळून बसलेलो नाही ना. आणि वर्गात येणारी मुले फक्त आपल्याच मुलांपैकी असावीत, अशी अट मनात असेल तर करामूच्या रंगमंचावर कोण कोण उभे होते ते आठवावे.

लघुख्रिस्ती समूहांच्या बैठकीत या विषयावर बोलताना लगेच रकमेकडे वळू नये. आपल्या धर्मग्रामात किती खोल्या आहेत, त्यांतल्या किती संध्याकाळी पाच ते सात कुलूपबंद असतात, कपाटांवर धूळ खात पडलेल्या गिटारी आणि कीबोर्ड किती आणि वाजवता येत असूनही निवृत्तीनंतर घरी बसलेले किती जण, एवढी मोजणी प्रत्येक समूहाने आधी करून आणावी.