सूर्याच्या पोटातून पृष्ठभागापर्यंत : प्रकाशाचा लांबचा प्रवास



सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला किती वेळ लागतो, असं विचारलं की मुलं पटकन सांगतात, "८ मिनिटं २० सेकंद." उत्तर बरोबर आहे, पण ते फक्त सूर्याच्या पृष्ठभागापासून पुढचं. खरी गंमत त्याआधीच्या प्रवासात आहे.

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे १.५ कोटी अंश सेल्सिअस असतं. तिथे हायड्रोजनपासून हेलियम तयार होतो आणि ऊर्जा मुख्यतः गॅमा किरणांच्या रूपात निघते. गाभ्यापासून पृष्ठभाग सुमारे ७ लाख किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. वाट मोकळी असती तर अडीच सेकंदही लागले नसते. प्रत्यक्षात लागतात हजारो वर्षं! शास्त्रज्ञांचे अंदाज साधारण १० हजारांपासून पावणेदोन लाख वर्षांपर्यंत आहेत.

असं का? दिवाळीनंतर आपल्या गावात भरणारी मंडई आठवा. ऐन गर्दीत दोन पावलं टाकली की कुणाचा तरी धक्का लागतो. सूर्याच्या आत कण तसेच दाटीवाटीने असतात. प्रकाश थोडा पुढे जातो न जातो तोच धडकतो आणि दिशा बदलते.

हे मुलांना करून दाखवा. मैदानावर एक मूल उभं करा. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला ५-५ पावलांवर चुन्याची रेघ मारा. नाणं उडवा. छापा पडला तर एक पाऊल उजवीकडे, काटा पडला तर डावीकडे. कोणतीही एक रेघ गाठेपर्यंत नाणं किती वेळा उडवलं, ते फळ्यावर लिहा. प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल, पण बऱ्याच मुलांची सरासरी २५ च्या आसपास येते. रेघ १० पावलांवर नेली की १०० च्या आसपास! अंतर दुप्पट, वेळ चौपट. सूर्यात तर अशी पावलं मोजता येणार नाहीत इतकी आहेत.

शेवटच्या सुमारे २ लाख किलोमीटरमध्ये पद्धत बदलते. गंजात भाताचं आंधण उकळताना तळाचं गरम पाणी वर येतं, तसा तापलेला वायूच ऊर्जा वर आणतो. पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,५०० अंश. तिथून प्रकाश मोकळा सुटतो.

एक काळजी घ्या. गाभ्यातला तोच किरण बाहेर येतो, असं सांगू नका. वाटेत तो शोषला जातो, नवे किरण निघतात. एका गॅमा किरणाच्या ऊर्जेतून शेवटी लाखो दृश्य प्रकाशकण तयार होतात. प्रवास ऊर्जेचा असतो.

म्हणूनच दुर्बिणीलाही सूर्याचं पोट दिसत नाही. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेल्या आदित्य एल-१ यानावर पुण्याच्या आयुका संस्थेत घडलेली 'सूट' दुर्बीण आहे. तीही पृष्ठभाग आणि त्यावरचा थर यांचीच छायाचित्रं घेते.

शेवटी वर्गात हा प्रश्न टाका : आज सूर्याचा गाभा विझला, तर ८ मिनिटांत अंधार होईल का? लगेच उत्तर देऊ नका. मुलांना भांडू द्या. नाण्याचा खेळ नीट खेळलेलं मूल म्हणेल, "नाही सर, आतली ऊर्जा अजून वाटेतच आहे." धडा तिथे समजला, असं समजा.