गाण्यात नेमका कुठे थांबलास?

नाशिक,
रविवार, रात्री

चि. सोन्यास,


तुझी वही परवा तुझ्या आईने माझ्या हातात ठेवली. दोन रात्री ती घेऊन बसले होते. गेल्या चार-पाच वर्षांतली इंग्रजी गाणी, एकेका गाण्यावर दोन-तीन ओळींचं मत, आणि शेवटच्या पानावर प्रश्न : "मावशी, याला काही अर्थ आहे का, की मी नुसताच वेळ घालवतोय?"

अर्थ आहे. लिहीत राहा. गाण्याबद्दल बोलायचं तर आधी गाण्याच्या परीक्षा द्याव्यात असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाक. तीन मिनिटांचं गाणं हे बसमध्ये, भांडी घासताना, रात्री उशीत तोंड खुपसून ऐकणाऱ्या माणसांसाठीच केलेलं असतं. त्यांना त्याबद्दल बोलायचा हक्क नाही तर मग कुणाला?

पण वाचताना एक गोष्ट मला सारखी खुपत राहिली. 'भारी', 'ओव्हररेटेड', 'व्हाइब नाही' हे तीन शब्द तुझ्या निम्म्या वहीत आहेत. एका गाण्याखालची ओळ उचलून दुसऱ्या गाण्याखाली चिकटवली तरी कुणाला कळणार नाही. तुझ्या आजीला आठव. आमटीचा पहिला भुरका घेतला की ती "बरी नाही झाली" एवढ्यावर थांबायची नाही. "चिंच उशिरा पडली, कच्ची लागतेय" म्हणायची. तिचं म्हणणं कधी पटायचं, कधी नाही, पण आमटी तिने खाल्लीय याबद्दल शंका राहायची नाही. तुझ्याकडून मला एवढंच हवंय. गाण्यात कुठे काय झालं आणि तुझे कान कुठे उभे राहिले, ते सांग. मग मत कसलंही असो.

फाँटेन्स डी. सी. या डब्लिनच्या बँडचं 'स्टारबर्स्टर' घे. २०२४ चं गाणं. तू लिहिलंयस, "नुसता आरडाओरडा. रॉक संपल्याचा पुरावा." मी ते तुझी वही वाचल्यावर पहिल्यांदा ऐकलं, आणि दचकले. ध्रुवपदात गायक तोंडाने जोरात श्वास आत ओढतो, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा. मग पुन्हा ओढतो, पुन्हा. लहानपणी पेटीच्या क्लासला आमच्या बाई सांगायच्या, श्वास कुठे घेतलास ते ऐकणाऱ्याला कळता कामा नये. इथे या माणसाने श्वासच गाण्याच्या मधोमध आणून ठेवलाय, ढोलाच्या टोल्यासारखा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर गायक ग्रियन चॅटनला भीतीचा तीव्र झटका आला होता, त्यातून हे गाणं आलं. पण ही हकिकत माहीत नसतानाही माझी छाती आवळली होती. तुला तो श्वास ऐकूच आला नाही, की ऐकून नकोसा वाटला? नकोसा वाटला असेल तर तसं लिही. "तो श्वास मला सहन होत नाही" हे मत मी जपून ठेवीन. "रॉक संपलं" याचं मात्र मी काय करू? ते वाक्य मी कॉलेजात असतानाही ऐकत होते.

बिली आयलिशच्या 'बर्ड्स ऑफ अ फेदर'वर तू सगळ्यात कठोर झालायस. "झोपाळू आवाज, कुजबुज, यापेक्षा अलार्म बरा." इथे मला तुझ्याशी भांडायचंय, आणि नीट भांडायचंय.

कुजबुज आहे हे खरं. पण मायक्रोफोन ओठांजवळ आला तेव्हापासून गायकाला मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची गरज उरलेली नाही. आपल्या नाट्यसंगीतातल्या गवयांना ती होती. घसा फोडल्याशिवाय थिएटरच्या शेवटच्या खुर्चीत बसलेल्याला काही ऐकू जायचं नाही. बिली आणि तिचा भाऊ फिनियस यांनी त्यांचा २०१९ चा पहिला अल्बम लॉस एंजेलिसमधल्या आईवडिलांच्या घरी, भावाच्या झोपायच्या खोलीत केला. तिथे कुणासाठी ओरडायचं? ती ज्याला गाऊन दाखवत होती तो हातभर अंतरावर बसला होता, आणि आता हेडफोन लावलास की ती तुझ्यापासून तेवढ्याच अंतरावर असते. पुढच्याच वर्षी त्या अल्बमच्या जोरावर बिलीने ग्रॅमीचे चारही मोठे मान मिळवले. मानांवरून गाणं चांगलं ठरवू नकोस. मी ते सांगितलं एवढ्यासाठी की ही कुजबुज घरातून निघून किती लांब पोचली ते तुला कळावं.

आता 'बर्ड्स ऑफ अ फेदर' शेवटपर्यंत ऐक. माझा संशय आहे की तू ते अर्ध्यावर सोडलंस. सुरुवातीला ती खरंच हलकं गाते, ठेकाही तिच्यामागून पाय न वाजवता चालतो. शेवटाकडे मात्र आवाज मोकळा होतो आणि वर, आणखी वर चढतो. आधीची कुजबुज नसती तर त्या चढण्याला काही किंमत आली नसती. तुझं 'झोपाळू' पहिल्या दोन मिनिटांपुरतं मला मान्य आहे. पुढच्या दीड मिनिटाबद्दल तू काहीच लिहिलेलं नाहीस.

या भावंडांचं आणखी एक मला फार आवडतं. 'बॅड गाय'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रस्त्यावर पादचाऱ्यांसाठी टिकटिक वाजणाऱ्या सिग्नलचा आवाज आहे, बिलीनेच फोनवर टिपलेला. 'बरी अ फ्रेंड'मध्ये दातांच्या डॉक्टरांचं यंत्र आहे. हे वाचलं तेव्हा मला एकदम 'कुंकू' आठवला. प्रभातचा, १९३७ चा. शांतारामबापूंच्या त्या चित्रपटात पार्श्वसंगीताचा वाद्यवृंद नव्हता. प्रसंगात जे वाजेल तेवढंच ऐकू येणार, असा कडक नेम. त्यातच शांता आपटे लाँगफेलोची इंग्रजी कविता गातात. आमच्या आईच्या पिढीला ती पाठ होती. संगीत केशवराव भोळ्यांचं. आणि हेच केशवराव 'एकलव्य' या नावाने गवयांवर लिहायचे. त्यांचं लेखन मिळव आणि वाच. एखाद्या गवयाचा आवाज कसा लागतो, तो तान कुठून उचलतो, कुठे दमतो, हे ते इतकं नेमकं सांगतात की तो गवई आपल्यासमोर येऊन बसतो. तुझी गाणी वेगळी, त्यांची वेगळी. कान लावायची रीत तीच.

ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या पानावर तू लाल शाईने 'चोरी' लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. सोन्या, हा शब्द फार जपून वापर. तुझं अर्धं म्हणणं खरं आहे. 'गुड फोर यू' ऐकताना पॅरामोर बँडचं 'मिझरी बिझनेस' आठवतं, आणि २०२१ मध्येच त्या जुन्या गाण्याच्या दोघा कर्त्यांची नावं नव्या गाण्याच्या श्रेयात घालण्यात आली. पण 'गुड फोर यू' ज्या अल्बममध्ये आहे त्यातल्याच 'ब्रूटल'ची गोष्ट ऐक. त्याचा गिटारचा तुकडा एल्व्हिस कॉस्टेलोच्या १९७८ मधल्या 'पंप इट अप'सारखा वाटतो, अशी तक्रार लोकांनी केली. खुद्द कॉस्टेलोने जाहीरपणे सांगितलं की आपली काही हरकत नाही, रॉक असंच पुढे जात आलंय. आपलं गाणं बॉब डिलनच्या एका गाण्यावरून सुचलं आणि डिलनचं चक बेरीच्या गाण्यावरून, हेही त्याने सुचवलं. म्हणजे चार पिढ्यांचं नातं निघालं!

आपण तर यात मुरलेलो आहोत. एकाच चालीवर किती अभंग म्हणतो आपण, एकाच वळणाच्या किती ओव्या आणि किती आरत्या. म्हणून एखादी चाल ओळखीची वाटली की कुठला तुकडा, किती लांबीचा, आणि तो घेऊन नव्या पोरीने पुढे काय केलं, ते लिही. पुढे काही केलंच नसेल तर खुशाल रागव. 'ब्रूटल'मध्ये तिने केलंय असं मला वाटतं. कॉस्टेलोचं गाणं कसं ऐटीत चालतं, हिचं सतरा वर्षांच्या मुलीसारखं दारं आपटत चालतं.

बीटल्सच्या 'नाऊ अँड देन'बद्दल मात्र तुला रागवायलाच हवं. "मशीनने बनवलेला लेनन. मेलेल्या माणसाची विटंबना." इतका जड शब्द लिहिण्याआधी दहा मिनिटं माहिती काढायला हवी होतीस. त्या गाण्यातला आवाज जॉन लेननचाच आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी त्याने न्यूयॉर्कच्या घरी पियानोवर बसून ते कॅसेटवर भरून ठेवलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर, १९९४ मध्ये, योको ओनोने ती टेप पॉल मॅकार्टनीला दिली. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी प्रयत्न केला, पण पियानो आणि टेपची घरघर यांत आवाज बुडालेला होता, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. पुढे दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या लोकांनी बीटल्सवरच्या माहितीपटासाठी जे तंत्र तयार केलं त्याने एकाच टेपवरचे आवाज वेगळे करता येऊ लागले. गव्हातून खडे वेचावेत तसा त्यांनी लेननचा आवाज पियानोतून वेचून काढला. जॉर्ज हॅरिसन २००१ मध्येच गेला, त्याची गिटार १९९५ च्या प्रयत्नातली आहे. रिंगो आणि पॉलने आपापलं नव्याने वाजवलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गाणं आलं. यंत्राने वेचलं. गायलं नाही.

हे कळल्यावरही तुला ते गाणं नको वाटू शकतं. मलाही ते पूर्ण पटलेलं नाही. लेननच्या मूळ टेपमधला एक अख्खा भाग त्यांनी वगळला, आणि तो भाग मला सगळ्यात हळवा वाटतो. तंतुवाद्यंही जरा जास्त झाली आहेत. एकट्या माणसाने घरी गुणगुणलेल्या गोष्टीवर भरजरी शाल टाकल्यासारखी. पण मधल्या गिटारीला माझ्या डोळ्यांत पाणी येतं. ती पॉलने वाजवलीय, हॅरिसन तारेवरून घसरत वाजवायचा त्या ढंगात. ऐंशीच्या घरातला माणूस गेलेल्या मित्राच्या हाताने वाजवू बघतो, ते मला विटंबनेसारखं ऐकू येत नाही.

आता माझी गोष्ट. हॉस्टेलवर असताना माझ्याकडेही अशीच वही होती. एका मैत्रिणीच्या भावाने लंडनहून केट बुशची कॅसेट आणली, 'हाउंड्स ऑफ लव्ह', १९८५ ची. खोलीत सात-आठ जणी, अर्ध्या बोलतायत, अर्ध्या हसतायत. 'रनिंग अप दॅट हिल' लागलं, कुणीतरी म्हणालं, "ही काय किंचाळते!" आणि मी रात्री वहीत लिहिलं, "यंत्राचा ठेका आणि किंचाळणं. नको." एकदाच ऐकून, तेही दुसरीच्या कानांनी. पुढची सदतीस वर्षं मी ते गाणं लावलं नाही.

२०२२ मध्ये तुझी ताई माझ्याकडे राहायला होती. ती 'स्ट्रेंजर थिंग्ज' बघत होती आणि मी स्वयंपाकघरात होते. भिंतीपलीकडून तोच ठेका आला. पहिल्या क्षणापासून दौडणारा, मध्ये कुठेही न थांबणारा, आणि त्याच्याखाली तंबोऱ्यासारखा लांबलेला एक सूर. मी गॅस बंद केला. ती बाई देवाकडे सौदा मागते, की बाईला आणि पुरुषाला एकमेकांच्या जागी ठेव, म्हणजे दोघांना एकमेकांचं कळेल. त्याच्या आदल्या वर्षी तुझे काका सोळा दिवस ऑक्सिजनवर होते. खाली बाकड्यावर बसून मी रोज तेच मागत होते. विसाव्या वर्षी मला हे कळलं नसतं, मान्य आहे. पण तो ठेका आणि तो सूर विसाव्या वर्षीही ऐकू आला असता, जर मी ऐकलं असतं. त्या महिन्यात इंग्लंडमध्ये ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८५ मध्ये ते तिसऱ्यावर थांबलं होतं.

तेव्हा गाणं निदान तीनदा ऐक. एकदा एकट्याने, एकदा चालताना, आणि एकदा दुसऱ्या दिवशी. ऐकायच्या आधी किती लोकांनी ते बघितलं तो आकडा पाहू नकोस. पहिल्या तीस सेकंदांत उडी मारून पुढे जाऊ नकोस. तीस सेकंद झाली की गाणं वाजल्याची नोंद होते, म्हणून हल्ली पुष्कळ जण सगळी मिठाई दारातच वाटून टाकतात, आणि तुझ्या कानाला तीच सवय लागलीय. मागच्या खोलीत काय आहे ते बघायला आत जावं लागतं. तुझी चटकन दिलेली मतं मला हवीच आहेत, त्यांत तुझा आवाज आहे. ऑलिव्हियाच्याच 'ड्रायव्हर्स लायसन्स'बद्दल तू लिहिलंस की गाडीचा टिंगटिंग आवाज हळूच पियानोचा सूर होतो तिथे तुझ्या पोटात खड्डा पडला. अख्ख्या वहीतली ती ओळ मी तीनदा वाचली. अशी लिही.

प्रत्येक गाण्याखाली चार रेघा कोऱ्या सोड. माझ्या जुन्या वहीत तेवढी जागा नव्हती, म्हणून केट बुशच्या पानाला मला कागद चिकटवावा लागला. दिवाळीला आलास की ते पान दाखवीन. आणि 'स्टारबर्स्टर' पुन्हा ऐकलंस की तो श्वास कसा वाटला ते कळव, फोनवर नको, लिहून.

आईला सांग, कुरडया पोचल्या.

तुझी,
मावशी