चहातली गोड गोळी आणि पोटातले जिवाणू

प्रश्न : आईला मधुमेह आहे. ती चहात सुक्रालोजची गोळी टाकते. हल्ली शुगर-फ्री बर्फीही खाते आणि पोट फुगल्याची तक्रार करते. गोळी बंद करू का? — एक वाचक, कवठे महांकाळ

उत्तर : माझा संशय आधी बर्फीवर आहे. अशा मिठाईत बहुधा माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असते. ते पुरते शोषले जात नाही, मोठ्या आतड्यात आंबते आणि गॅस होतो. पाकिटावरची घटकांची यादी वाचा आणि आठवडाभर बर्फी थांबवून पाहा.

सुक्रालोजही बहुतांश न शोषता पुढे जाते, म्हणून आतड्यातल्या जिवाणूंशी त्याची गाठ पडते. इस्रायलमध्ये 120 निरोगी माणसांवर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सॅकरिन व सुक्रालोजने काहींची साखर हाताळण्याची क्षमता बिघडवली, सगळ्यांची नव्हे. उलट चेन्नईत मधुमेहींना 12 आठवडे चहा-कॉफीत साखरेऐवजी सुक्रालोज दिले, तेव्हा रक्तातील सरासरी साखर दाखवणारे एचबीए1सी बिघडले नाही, वजन किंचित उतरले. वजन घटवण्यासाठी असे पदार्थ वापरू नका, हा जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नाही.

म्हणून चहातल्या एक-दोन गोळ्यांची मला धास्ती वाटत नाही. त्या सोडून आई गुळाकडे वळल्या तर मात्र नुकसान होईल, गूळ म्हणजे साखरच. तुमच्याकडचे बेदाणेही तसेच; 100 ग्रॅममध्ये 60 ग्रॅमच्या आसपास साखर असते, तेव्हा मूठभर नकोत. बर्फी थांबवूनही पोट फुगत राहिले तर डॉक्टरांना दाखवा आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन हे औषध चालू असल्यास तेही सांगा. त्यानेही पोट बिघडते.