श्रम आणि क्लम

आषाढी वारीत श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यात भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरी दोन रात्री विसावते. पुढे दिवे घाट चढून एकाच दिवसात सुमारे ३० कि.मी.वरील सासवड गाठावयाचे असते. या चालीने येणाऱ्या शिणास आयुर्वेदात 'श्रम' म्हणतात. चरकसंहितेतील दहा श्रमहर द्रव्यांत द्राक्षे, खजूर, डाळिंब, ऊस आहेत. फल्गुही आहे, ज्यास अनेक वैद्य अंजीर मानतात. सासवडचा पुरंदर तालुका तर अंजिरांसाठीच प्रसिद्ध! हा शीण जेवणाने व झोपेने उतरतो.

'क्लम' निराळा. परिश्रमावाचून वाढणारा, धाप न लागता येणारा थकवा, असे सुश्रुतसंहिता सांगते. तंतोतंत तोच नव्हे, पण त्याच्या जवळचा एक विकार आधुनिक वैद्यकास ठाऊक आहे. अल्पसे चालणे वा वाचनही सोसत नाही. त्रास पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उफाळतो आणि विश्रांतीनेही लवकर ओसरत नाही. अशा रुग्णांस व्यायाम वाढवीत नेण्यास सांगत असत. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ साली तो सल्ला मागे घेतला. घरच्यांनी यास आळस किंवा श्रद्धेची उणीव समजू नये. अशा भाविकाने घाटाचा हट्ट न धरता पुण्यातील मुक्कामीच पादुकांचे दर्शन घ्यावे, आणि दुसरा दिवस मोकळा ठेवावा.