मुक्कामाची घरे आणि नगरपालिकेची जबाबदारी

तीर्थक्षेत्र, थंड हवेचे ठिकाण किंवा समुद्रकिनारा लाभलेल्या लहान शहरांत घराची एखादी खोली पाहुण्यांना भाड्याने देणे हा जुना जोडधंदा आहे. पंढरपुरात वारकरी मठ-धर्मशाळांप्रमाणेच खाजगी घरांतूनही उतरतात; महाबळेश्वर, मालवण, अलिबाग येथे घरगुती निवासाची प्रथा रुळली आहे. भ्रमणध्वनीवरून घर आरक्षित करण्याची सोय झाल्यापासून या धंद्याचे स्वरूप मात्र पालटले. घरमालक परगावी असतो, पाहुणा दोन रात्रींसाठी येतो आणि नगरपालिकेच्या दप्तरी त्या घराची नोंद केवळ राहते घर म्हणून असते. अशा घरांचे नियमन कसे करावे, हा प्रश्न अनेक नगरपरिषदा व ग्रामपंचायतींपुढे उभा आहे. यासंबंधी दोन शहरांचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

पुरीचा 1871 चा कायदा

ओडिशातील जगन्नाथपुरीची रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेला, म्हणजे पंढरीच्या आषाढी एकादशीच्या नऊ दिवस आधी सुरू होते. एकोणिसाव्या शतकात या यात्रेला येणारे लोक खिडक्या नसलेल्या कोंदट खोल्यांत दाटीवाटीने उतरत. 1866 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेने पटकीच्या प्रसारास मोठ्या यात्रा कारणीभूत होतात, असा निष्कर्ष काढला. बंगालचे आरोग्य आयुक्त डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी पुरीच्या 1868 मधील यात्रेची पाहणी करून अहवाल दिला. पुढे 1871 मध्ये बंगाल प्रांताने पुरीतील यात्रेकरूंच्या निवासगृहांसाठी स्वतंत्र कायदा केला.

या कायद्याची मांडणी आजही मार्गदर्शक ठरेल अशी आहे. परवान्यावाचून यात्रेकरूंना भाड्याने उतरवून घेता येणार नाही, हे त्याचे पहिले सूत्र. घर योग्य आहे काय व त्यात किती माणसे राहू शकतील, हे आरोग्य अधिकाऱ्याने तपासून प्रमाणित करावे, हे दुसरे. आणि परवान्यापोटी जमणारे शुल्क स्वतंत्र निधीत ठेवून यात्रेकरूंच्या आरोग्यविषयक व्यवस्थेवर खर्च करावे, हे तिसरे सूत्र होय.

तथापि, परवाना-पद्धतीमुळे पटकी हटली असे झाले नाही. पुढील अनेक दशके पुरीत साथी येत राहिल्या. पटकीचा जंतू आणि दूषित पाणी यांचा संबंध रॉबर्ट कॉख यांच्या 1884 मधील कलकत्त्यातील संशोधनाने स्पष्ट झाला. घरातील माणसांची संख्या मोजली, परंतु गावाचे पाणी व गटारे सुधारली नाहीत, तर नियमन अपुरे पडते, हा यातील बोध आहे.

सांता मोनिकाचा अनुभव

पुरीपुढील प्रश्न आरोग्याचा होता. आजच्या काळात त्यात निवाऱ्याच्या प्रश्नाची भर पडली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पॅसिफिक किनाऱ्यावर वसलेले सांता मोनिका हे 2020 च्या जनगणनेनुसार सुमारे 93 हजार वस्तीचे शहर आहे. पर्यटकांकडून दर रात्रीचे भाडे अधिक मिळू लागल्याने राहती घरे स्थानिक भाडेकरूंच्या वाट्याला येईनाशी होतील, अशी चिंता तेथील नगरपालिकेला वाटू लागली. तिने 2015 मध्ये एक नियम केला. तीस किंवा त्याहून कमी दिवसांसाठी घर भाड्याने द्यावयाचे असल्यास तेथील मूळ रहिवाशाने पाहुण्याच्या मुक्कामात त्याच घरी राहिले पाहिजे. संपूर्ण घर रिकामे करून पर्यटकांच्या स्वाधीन करण्यास मनाई झाली. परवाना आणि त्या वेळी 14 टक्के असलेला मुक्काम-करही आवश्यक ठरला.

घरमालक शेकडो असतात. प्रत्येकाच्या मागे निरीक्षक पाठविणे लहान नगरपालिकेला शक्य नसते. म्हणून 2017 मध्ये नियमात सुधारणा करून नोंदणी नसलेल्या घराचे आरक्षण पूर्ण करण्यास आरक्षण-कंपन्यांनाच बंदी घालण्यात आली. कंपन्यांनी त्यास न्यायालयात आव्हान दिले. परंतु मार्च 2019 मध्ये तेथील संघराज्य अपील न्यायालयाने नगरपालिकेच्या बाजूने निर्णय दिला.

आपल्याकडील चौकट

आपल्या देशातही या विचाराला आधार आहे. 1867 च्या सराई अधिनियमात प्रवाशांच्या निवाऱ्यासाठी वापरली जाणारी कोणतीही इमारत ‘सराई’ मानली होती. इमारतीचा काही भागच तसा वापरला जात असेल, तर तेवढा भागही त्या व्याख्येत येई. नोंदणी, स्वच्छता, सांसर्गिक रोगाची वर्दी आणि दरपत्रक लावणे ही चालकाची कर्तव्ये होती. नियम इमारतीच्या नावाला नव्हे, तर तिच्या वापराला लागू व्हावा, हे तत्त्व त्यात दिसते.

केंद्र शासनाच्या घरगुती निवास योजनेत एक ते सहा खोल्यांच्या घरांचा समावेश होतो आणि मालकाच्या कुटुंबाने तेथे राहणे अपेक्षित असते. महाराष्ट्राची न्याहारी व निवास योजनाही स्थानिक कुटुंबाला उत्पन्न मिळावे याच हेतूची आहे. आगीपासून संरक्षणासाठी राज्यात 2006 चा अधिनियम आहे. परदेशी पाहुणा उतरल्यास 24 तासांच्या आत त्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्यास द्यावी लागते. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत इमारतींचे विनियमन, पाणीपुरवठा व सार्वजनिक आरोग्य हे विषय नगरपालिकांच्या कार्यकक्षेत सांगितले आहेत.

विचारात घ्यावयाच्या बाबी

या अनुभवावरून स्थानिक संस्थांनी पुढील क्रमाने विचार करणे हितावह ठरेल. प्रथम वॉर्डवार पाहणी करून भाड्याने दिल्या जाणाऱ्या खोल्यांची यादी करावी. गावात अशा किती खोल्या आहेत हे ठाऊक नसता केलेला उपविधी कागदावरच राहतो. दुसरे, प्रत्येक घराची पाहुण्यांची कमाल संख्या ठरवताना शौचालये, सांडपाण्याचा निचरा आणि उन्हाळ्यातील पाणीपुरवठा विचारात घ्यावा. तिसरे, मालक राहत असलेले घर आणि केवळ धंद्यासाठी घेतलेले घर यांत भेद करावा. एका खोलीवर संसाराला हातभार लावणाऱ्या विधवेला आणि दहा सदनिका चालविणाऱ्या व्यावसायिकाला एकच शुल्क व एकच कागदपत्रे लावणे न्याय्य नव्हे. चौथे, अर्ज सोपा व मराठीत असावा आणि ठराविक मुदतीत त्याचा निकाल लागावा. अन्यथा लोक नोंदणी टाळतात. पाचवे, जमा झालेल्या शुल्काचा विनियोग सफाई व पाणी यांवर झाल्याचे दरवर्षी सभेपुढे मांडावे.

पाहुण्याचे आदरातिथ्य हा आपल्या समाजाचा संस्कार आहे. मात्र पाहुण्यांच्या वर्दळीमुळे शेजाऱ्याच्या नळाचे पाणी तुटू नये आणि गावातल्या शिक्षकाला किंवा परिचारिकेला भाड्याचे घर मिळेनासे होऊ नये, हे पाहणे स्थानिक स्वराज्य संस्थेचे कर्तव्य आहे. घरमालकाचे उत्पन्न, पाहुण्याची सुरक्षितता आणि रहिवाशाचा निवारा या तिन्ही गोष्टींचा मेळ घालणारा उपविधीच दीर्घकाळ टिकू शकेल.